गट्टूचं वजन

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंदुरबारात ते कुणी ऐकून घेत नाही. चौतीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. गायीम्हशींची अडलेली बाळंतपणं केली, शेळ्यांना लसी टोचल्या, रनाळ्यापासून धानोऱ्यापर्यंत एक गोठा सोडला नाही. पण गिनीपिग? उभ्या नोकरीत एक दिसला नव्हता. निवृत्त झालो, म्हटलं आता सकाळी पेपर वाचू, दुपारी पाय ताणून झोपू. कसलं काय. गेल्या पौषात एके सकाळी नोजीबाईंचा नातू रिषभ दारात उभा. म्हणे, करणसिंगकाका, गट्टू खात नाही, आणि म्हणून दादीसाही खात नाही.

या नोजीबाई कोण, ते सांगतो. घेवरचंद शेठच्या पत्नी, आता त्यांच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. वय अठ्ठ्याहत्तर. सतराव्या वर्षी मारवाडातून लग्न होऊन इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. अहिराणी अशी बोलतात की कोरीट गावची बाई चाट पडावी. उंचीला माझ्या कोपराएवढ्या, वजन चाळीस किलोसुद्धा भरायचं नाही. पण हट्ट! साखरेच्या पोत्याला मुंग्या लागल्या, तर त्या मऊ कुंच्याने एकेक मुंगी बाजूला करणार, आणि गिऱ्हाईक तोवर ताटकळत उभं राहणार. मी स्वतः असा उभा राहिलेलो आहे. एकदा वैतागून म्हटलं, बाई, अर्धा किलो साखरेसाठी अर्धा तास? तर म्हणाल्या, मुंगीलाही तिचा वेळ लागतो. कट्टर जैन. पाणी गाळून पिणार, कंदमूळ घरात येऊ देणार नाहीत, आणि सूर्य बुडाला की चौविहार, म्हणजे अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. साठ वर्षांत एकदाही मोडला नाही, असं सगळी गल्ली सांगते.

गट्टू त्यांच्या घरी आला तो सारंगखेड्याच्या यात्रेतून. तिथे एक माणूस फळीवर नंबर टाकलेले डबे गोल मांडून बसला होता. मधोमध हा तपकिरी-पांढरा जीव सोडायचा, आणि तो घाबरून ज्या डब्यात शिरेल तो नंबर लागायचा. लोक पैसे लावायचे, वरून ढोल वाजायचे. घेवरचंद शेठ घोडे बघायला गेले होते, ते हा जीव सोडवून कोटाच्या खिशात घालून घेऊन आले. त्याला सहा वर्षं झाली. शेठ दोन वर्षांपूर्वी थंडीत गेले. त्यानंतर नोजीबाईंनी एक नियम धरला. सकाळी गट्टूने खाल्ल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही.

गट्टू धडधाकट होता तोवर या नियमाचा कुणाला त्रास नव्हता. गवत टाकलं की तो तुटून पडायचा, आणि पाच मिनिटांत बाईंचा चहा. पण आता तो म्हातारा झाला. सात वर्षांचा गिनीपिग म्हणजे आपला ऐंशीचा माणूस. या थंडीत तो सकाळी दहा-दहापर्यंत अंग फुगवून कोपऱ्यात बसू लागला. कधी अकरा वाजायचे, एकदा तर दीड वाजला. आणि नोजीबाईंना साखरेचा आजार. गोळी वेळेवर, जेवण नाही, मग दुसरं काय होणार? दुकानात वजनकाट्यापाशीच कोसळल्या. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं की उपाशी राहाल तर एक दिवस उठणार नाही. बाईंचं उत्तर ठरलेलं, गट्टूला बरं करा. म्हणजे एका जनावराच्या पोटाला एका बाईचा जीव टांगलेला, आणि ते पोट माझ्या हातात दिलेलं. कपाळ माझं.

मी गायत्रीला फोन लावला. ती माझ्या जुन्या साहेबांची मुलगी, सुरतेला असल्या लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. ती तिकडून सांगणार, मी इकडे करणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. पण पोरगी हुशार. म्हणाली, काका, म्हाताऱ्या गिनीपिगचं पोट सतत चालू राहिलं पाहिजे. एकदा थांबलं की वायू धरतो, मग तो खात नाही, आणि खात नाही म्हणून पोट आणखी थांबतं. मुख्य अन्न गवत, बाकी सगळं नावाला. क जीवनसत्त्व त्याच्या अंगात तयार होत नाही, ते रोज बाहेरून द्यायचं. दात बघा, लेंड्या बघा, आणि रोज एकाच वेळेला वजन करा.

केलं. दुकानाच्या काट्यावर स्टीलचं पातेलं ठेवून त्यात गट्टू. सातशे साठ ग्रॅम. रिषभ म्हणाला, उन्हाळ्यात गंमत म्हणून तोलला तेव्हा नऊशे चाळीस होता, मागच्या थंडीतही थोडा उतरला होता, मग पुन्हा भरला. मी ते वहीत लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं, अक्कल काही वापरली नाही.

दात ठीक होते. मग खाणं बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. वाळला म्हणून घरातल्या बायका त्याला बदाम भरवत होत्या. तुपाचा खाखरा. भिजवलेले मूग. वजन उतरलं की तूप, हे यांच्या घरातलं औषध. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, हे जनावर आहे की जावई? नोजीबाईंनी मान खाली घालून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बदाम बंद, खाखरा बंद. मला वाटलं होतं, हिरव्या पाल्यावरून भांडण होईल, कारण आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, त्या स्वतः हिरवं खात नाहीत. तर म्हणाल्या, तो नियम माझ्या ताटापुरता, त्याचं तर अन्नच हिरवं आहे. गाजराचं नाव तेवढं काढायचं नाही. कोथिंबीर, ढोबळी मिरची, आवळ्याची फोड, सगळं वेळच्या वेळी. माझं प्रत्येक म्हणणं त्यांनी अक्षरशः पाळलं. भांडायलाही जागा ठेवली नाही.

तरी वजन उतरतच राहिलं. सातशे पस्तीस. सातशे दहा. लेंड्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कोरड्या. त्याच्या खोक्यात तळाला बारदान अंथरलेलं असायचं, ते त्याने कडेने कुरतडून कुरतडून अर्धं केलं होतं. मी म्हटलं, पोटात सुतळी जाते तीच अडकत असेल, काढा ते. बारदान काढून शेठचं धुतलेलं जुनं धोतर घातलं. वजन आणखी उतरलं. रिषभ बिचारा बिनसुईच्या सिरिंजने गवताची पातळ पेज भरवायला शिकला. दुपारपर्यंत गट्टू जरा तरतरीत व्हायचा. संध्याकाळी पाचला बघावं तर मस्त गवत चावतोय. मी खुशीत घरी यायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, फुगलेलं अंग, मिटलेले डोळे, आणि समोर पाटावर उपाशी बसलेल्या नोजीबाई. पालथ्या घड्यावर पाणी. अठरा दिवस हा तमाशा चालला, आणि अठरा दिवस मी रोज बायकोवर राग काढला.

मग मला गुन्हेगार सापडला, म्हणजे मी तो सापडवला. गोशाळेच्या फाटकाशी कोरीटची तापीबाई गवताचे भारे घेऊन बसते. गट्टूचं गवत तिच्याकडूनच यायचं. कोरीटला मिरचीची शेतं, बांधावर फवारणी होणारच. मी तडक गेलो आणि दहा लोकांसमोर तिला झापलं. म्हटलं, विष विकते का तू? जनावर मारशील आणि म्हातारीलाही मारशील. ती काहीतरी सांगायला उठली होती. मी हात करून गप्प बसवली. मला तोंड आहे आणि ते सुटलं की थांबत नाही, हे बायको मला चाळीस वर्षं सांगते. लोकांनी त्या दिवसापासून तापीबाईचं गवत घेणं सोडलं.

मी रनाळ्याहून भावाच्या शेतातलं वाळलं गवत आणलं. आठ दिवस तेच. वजन सहाशे नव्वद. आणि आठव्या दिवशी नोजीबाई दुसऱ्यांदा पडल्या. या वेळी सलाईन लागलं. रिषभ दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. माझा संताप संताप झाला. घरी आणल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हटलं, बाई, जनावर म्हातारं आहे, आज ना उद्या जाणार, तुम्ही कशाला त्याच्याबरोबर निघालात, सोडा तो नियम. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"मोडानाच व्हता, ते नियम लिन्हा कसाले?"

 मी पायात वहाणा सरकवल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तापीबाई माझ्या दारात. बस म्हटलं तर बसली नाही. तिने विचारलं, माझं गवत बंद केलं, आता ते जनावर बरं झालं का? मी म्हटलं, नाही. मग माझं काय चुकलं ते सांगा, म्हणाली.  मी दाराची कडी चाळवत उभा राहिलो. तेव्हा तिने सांगितलं. रोज सूर्य बुडायच्या आधी घरी जाताना ती नोजीबाईंच्या दारावरून जायची. रोज नोजीबाई गट्टूच्या पुढचं उरलेलं गवत उचलून तिच्या हातात द्यायच्या, वाटेत गायीला टाक म्हणून. एक काडी मागे ठेवायच्या नाहीत.

"मंग रातले ते काय खास, डॉक्टर?" तापीबाई म्हणाली.

रात्री तो काय खातो! मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्हीन बोलू दिन्हं कोठे?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी सकाळचं विचारलं, दुपारचं विचारलं, लेंडी मोजली, दात मोजले. रात्रीचं एका शब्दाने विचारलं नाही. का विचारीन? उभ्या जन्मात असा गोठा पाहिला नाही, जिथला माणूस संध्याकाळी जनावरापुढचा चारा उचलून घेतो. आपल्याकडे संध्याकाळी चारा टाकून मग माणूस आडवा होतो. पण नोजीबाईंनी गट्टूलाही चौविहार धरायला लावला होता! मी बोटांवर हिशोब केला. थंडीत सूर्य सहाला बुडतो, सातला उगवतो, आणि या घरात उगवल्यावरही अठ्ठेचाळीस मिनिटं थांबून पहिला घास. म्हणजे जवळजवळ चौदा तास त्या पोटात काही नाही. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून उन्हाळ्यात वजन भरायचं. ते वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरुणपणी त्याने हे काढलं, आता म्हातारं पोट रोज रात्री बंद पडत होतं आणि रोज दुपारपर्यंत आम्ही ते ढकलून सुरू करत होतो. आणि ते बारदान! सहा वर्षं तो जीव रात्रभर बारदान चावून पोट चालू ठेवत होता, आणि तेही मी मोठ्या शहाण्यासारखं काढायला लावलं.

मी तापीबाईपुढे हात जोडले. म्हटलं, चुकलो, माय. उद्या सकाळी गोशाळेसमोर येऊन हेच दहा लोकांत म्हणेन. ती म्हणाली, ते उद्याचं उद्या, आधी चला. आम्ही दोघं निघालो, तिच्या डोक्यावर ओल्या गवताचा भारा.

पोचलो तेव्हा ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. नोजीबाई पाटावर बसलेल्या, मांडीवर गट्टू. पाण्याची वाटी रिकामी करून पालथी घातलेली. गवत उचलून बाजूला काढलेलं. डोळे मिटून, हात जोडून त्या पच्चक्खाण म्हणत होत्या, म्हणजे रात्री न खाण्यापिण्याचा संकल्प. आधी स्वतःसाठी म्हटलं, मग गट्टूच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यासाठी.

इतर वेळी मी ओरडलो असतो. ओरडायला आलोच होतो. पण आधी तापीबाईला गप्प बसवून काय मिळवलं, ते अंगाला ताजं लागलेलं होतं. त्यांचं संपेपर्यंत थांबलो. मग जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं की बाई, याला रात्री खाऊ घातलं नाही तर हा आठवडा काढणार नाही. औषध, गवत, आवळा, काही उपयोगाचं नाही. रात्रीचं गवत हेच औषध.

त्या म्हणाल्या, हा नियम शेठचा. पहिल्या दिवसापासून संध्याकाळी याला मांडीवर घेऊन ते दोघांचं पच्चक्खाण म्हणायचे. यात्रेतल्या जुगारातून आणलेला जीव आहे, म्हणायचे, याचा पुढचा जन्म तरी चांगला जावा. ते गेले, मी चालवते. मी म्हटलं, संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो, यानं कधी हात जोडले? त्या हलल्या नाहीत. रिषभ मधे पडला. मारवाडीत त्यांना समजावू लागला की दादीसा, आजाऱ्याला सूट असते, आपले साधू-महाराजसाहेबसुद्धा देतात, औषध-पाणी घेतल्याने काही मोडत नाही, आणि हे तर मुकं जनावर.

तेव्हा काहीतरी झालं. नोजीबाईंचा चेहरा असा झाला की रिषभ बोलता बोलता थांबला. त्या त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलल्या.

"सूट व्हती, ते मंग शेठले का नही दिन्ही मी?"

कुणालाच काही कळलं नाही. त्या गट्टूच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि सांगत राहिल्या, खाली बघून.

"त्या रातले त्यास्नी पाणी मांगं व्हतं. दोन येळा मांगं. मी सांगं, साठ वरीसना नियम शे, दिन निंघू द्या. दिन निंघना, पन शेठ नव्हतात."

 रिषभला हे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोन वर्षं ही बाई हे एकटी गिळून बसली होती. आणि मी मूर्ख अठरा आणि आठ सव्वीस दिवस तिला हट्टी म्हणत होतो. गट्टूला सूट दिली, तर शेठलाही देता आली असती. मग त्या रात्रीचं काय करायचं? त्यापेक्षा नियम नियमच असलेला बरा, मग त्यात गट्टू गेला तरी चालेल, स्वतः गेलं तरी चालेल. मला एकदम सगळा हिशोब लागला, आणि लागला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

 तुमची चूक नव्हती म्हणावं, तर ते खोटं ऐकू आलं असतं. चूक होती म्हणणारा मी कोण?  शेवटी जे खरं होतं तेवढंच म्हटलं.

"त्या रातनं मले काही माहीत नही, बाई. पन हाऊ अजून जित्ता शे."

भिंतीवरचं ऊन गेलं. तापीबाईने भारा सोडला आणि एक मूठ गवत काढून नोजीबाईंच्या शेजारी ठेवलं, पुढे केलं नाही. बराच वेळ ते तसंच पडून होतं. बाहेर दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक हाका मारत होतं, रिषभ गेला नाही.

मग नोजीबाईंनी गट्टूला खोक्यात ठेवलं. गवत उचललं, निवडलं, एक पिवळी काडी काढून टाकली, सवयच ती, आणि त्याच्या पुढ्यात घातलं. गट्टूने वास घेतला. सहा वर्षांत अंधार पडताना त्याच्यापुढे काही आलं नव्हतं, त्यामुळे तोही जरा थांबला. मग चावायला लागला. त्या कुरकुर आवाजाकडे त्या बघत बसल्या. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

मी आणि तापीबाई निघालो. उंबऱ्यापाशी होतो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. रिषभला सांगत होत्या, पण मारवाडीत नाही.

"पाणीनी वाटी बी भर. रातले मांगी तव्हय त्याले भेटाले पाहिजे."

सकाळी आठलाच रिषभचा फोन आला. मी धसकलो. म्हटलं, वजन? म्हणाला, सहाशे नव्वदच आहे, पण उतरलं नाही, आणि लेंड्या खोकंभर. पाण्याची वाटी अर्धी रिकामी झाली आहे आणि दादीसा उजाडल्यापासून त्या वाटीसमोर बसून आहे. मी विचारलं, जेवल्या का? तो म्हणाला, आताच बसली, पण वाटी उचलू देत नाही.